फोन वाजला की नेट जायचं

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतून हुकूम सोडायचा आणि मी इथे कोरपन्यात टेबलाखाली ओणवा होऊन तारा खुपसायचो. "दादा, सूचना नीट वाच ना, इतकं सोपं आहे," असं तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा. वीस वर्षं शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

आमच्या गावात तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. आदल्या दिवाळीत भाऊ आठ दिवस येऊन गेला, तेव्हा एक लॅपटॉप आणि वाय-फायचा काळा राउटर ठेवून गेला होता. आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिची खोली अंगणापलीकडे, टेलिफोन समोरच्या बैठकीत. तिला उचलून आणणं शक्य नव्हतं म्हणून वाय-फाय, आणि साहेबांना सुट्टी मिळत नव्हती म्हणून राउटर. आईची औषधं, इंजेक्शनं, कूस बदलणं मी आणि माझी बायको करणार, आणि हा डबा ठेवून मोकळा होणार. माझा त्याच्यावर राग होता. अजूनही आहे.

त्याला तिकडे मुलगी झाली होती, पाच महिन्यांची. आईला तिचं तोंड बघायचं होतं, आणि दिवस थोडे होते. साखरेने आईचा एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याबद्दल चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जे काय दाखवायचं ते लवकर दाखवून घ्या. भावाला मी हे फोनवर कळवलं. तो म्हणाला, "मग लवकर सेटअप कर ना, दादा."

पहिला आठवडा आईच्या खोलीत सिग्नलच पोचेना. मी बायकोवर ओरडलो, टेलिफोनच्या लाइनमनला नालायक म्हटलं, आणि शेवटी बस स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. चाचा बैठकीत आले आणि उभेच राहिले. राउटरवर स्वयंपाकघरातला स्टीलचा गंज पालथा घातलेला होता, डालग्याखाली कोंबडी झाकावी तसा.

"सिमेंटची धूळ बसते ना जी," बायको म्हणाली. खोटं नव्हतं. कारखान्यांचे ट्रक दिवसभर आमच्या दारावरून जायचे आणि दर गुरुवारी पंखा पुसायला घेतला की पात्यांवर पांढरा थर असायचा. चाचांनी गंज उचलला आणि आईच्या खोलीत सिग्नल आला.

रविवारी सकाळी आठला भावाशी बोलायचं ठरलं. बायकोने आईची वेणी घातली, उशा लावून तिला टेकवून बसवलं, चष्मा पुसून दिला. आठ वाजले, आणि नेट गेलं. दोन मिनिटांनी आलं, पुन्हा गेलं. बैठकीत भाऊ फोनवर ठणाणा करत होता, "काय करतोयस तू? ऑनलाइन का दिसत नाहीस?" नऊपर्यंत हेच चाललं. आई म्हणाली, "राहू दे, पुढच्या रविवारी पाहीन."

सोमवारी चाचा पुन्हा आले. "बंद कवा पडते?"

"आठ वाजता."

"आठ वाजता होते काय?"

"भावाचा फोन येतो."

चाचांनी खिशातून मोबाइल काढून आमचाच नंबर लावला. बैठकीतला फोन वाजला आणि राउटरशेजारच्या, टेलिफोनवाल्यांनी दिलेल्या मोडेमचा दिवा पटकन विझला. चाचा हसत सुटले. "तुमचा भाऊच बंद पाडून राह्यला ना, भाऊ!" मग त्यांनी मोडेमच्या खोक्यात हात घालून एक पांढरी डबी काढली. फोन आणि नेट वेगळं करणारी ती डबी मी जादाची समजून खोक्यातच ठेवली होती आणि दोन्ही तारा सरळ एकत्र जोडल्या होत्या. "काऊन नाई लावली हे? दोन मिनिटाचं काम हाय."

"राहू द्या चाचा, मी लावतो," मी म्हणालो.

मी ती लावली नाही. टेबलाच्या खणात टाकली.

पुढचे तीन रविवार मी मजा पाहिली. तो आठला फोन करायचा, नेट जायचं, तो चिडायचा, आणखी फोन करायचा. त्याचा फोनच त्याची वाट अडवत होता, आणि त्याला पत्ता नव्हता. इतका शहाणा माणूस! मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. आई विचारायची, "झालं का रे चालू?" मी म्हणायचो, तो लाइनमन हरामखोर आहे, लाइनच खराब ठेवली आहे.

त्यातल्या तिसऱ्या रविवारी भावाचा आवाज पडला. "दादा, मला पण नाही रे येत हे," तो म्हणाला. "मी इथे दुसऱ्याला विचारून तुला सांगतो." मला जे ऐकायचं होतं ते मिळालं. संध्याकाळी मी डबी लावली. खरंच दोन मिनिटं लागली.

पुढच्या रविवारी आठ वाजता फोन वाजला आणि दिवा विझला नाही. पडद्यावर भाऊ आला, मांडीवर पोरगी. आई हसली. "अगो माय, केवढी झाली!" आणि गोधडीखालून तिने माझं मनगट घट्ट धरलं. हळूच म्हणाली, "पोरगी कोणत्या बाजूले आहे?"

मला आधी समजलंच नाही.

"डावीकडे," मी म्हणालो.

तिने तोंड थोडं डावीकडे वळवलं. "केस आहेत का?"

"आहेत. कुरळे."

"केस कुरळे आहेत रे, तुह्यासारखे!" ती मोठ्याने म्हणाली. भाऊ खूश झाला. मग नाक, मग कपाळ, मग झबल्याचा रंग. मी कानात सांगत गेलो, ती मोठ्याने म्हणत गेली. वीस मिनिटं भावाला काही कळलं नाही.

लॅपटॉप मिटल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस. तू आधीच त्या डब्ब्यापायी वैतागून राह्यला होता, तुले काऊन सांगू? पहिल्या रविवारी दिसत होतं मले. तुह्या शर्टाच्या गुंड्या मोजल्या होत्या मी."

ती माझं मनगट चोळत राहिली.

"त्या लाइनमनले शिव्या नको देजो बापा," आई म्हणाली. "त्याले थोडीच माहीत होतं, माह्याजवळ किती दिवस आहेत ते."