पळस्पे फाट्यावरचा कृष्णकांत

गव्हाणच्या कृष्णकांत घरतला पेट्रोलची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. मिठागरावर वाढलेला माणूस तो. मिठागर गेलं, जमीन नव्या शहरात गेली, आणि एका ओळखीच्या माणसाने त्याला पळस्पे फाट्याजवळच्या पंपावर चिकटवलं. सहा वर्षं झाली, तरी नोझल टाकीत घालताना त्याची छाती धडधडायची. घरी बायको रंजिताशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं.

नव्वद सालचा ऑक्टोबर. आखातात तंटा पेटला होता, भाव एकदम चढले होते आणि टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्यात मुंबईत जकातीमुळे लिटरमागे थोडे पैसे जास्त पडायचे, म्हणून गोव्याकडे निघालेल्या गाड्या टाकी भरायला इथेच थांबायच्या. त्या दुपारी रांग पार रस्त्यावर गेली होती. रांगेतले लोक ठाण्याचा भाव, पुण्याचा भाव, पेणचा भाव एकमेकांना सांगत होते, आणि प्रत्येकाला आपण फसलो असंच वाटत होतं.

कृष्णकांत एका फियाटमध्ये पेट्रोल भरत होता. गाडीवाले कुमार वैद्य मुंबईत बँकेत नोकरीला होते. बायको वसुंधरा आत बसलेली. टाकी भरत आली तसा त्यांनी डिकीतून एक कॅन काढला.

मागे रिक्षा घेऊन उभा असलेला रामू पुढे आला. रामू कृष्णकांतचा मावसभाऊ. सकाळपासून त्याची रिक्षा उभी होती.

"किशा, कॅन भरू नको. आदी आपल्या लोकांच्या गाड्या. यांना मुंबईत पंप नाय काय?"

कुमारांनी सांगितलं, की आपलं मूळ गाव महाडजवळ आहे, आपणही कोकणातलेच. रामू म्हणाला, मग महाडला जाऊन भरा. त्यावर मागच्या टॅक्सीवाल्याने विचारलं, पनवेल कोकणात कधीपासून आलं, ही तर मुंबईच. दुसऱ्याने घाट उतरला की कोकण असं ठासून सांगितलं. माणसं गाड्यांतून उतरली. पनवेलकर कोण, मुंबईकर कोण, इथल्या पेट्रोलवर हक्क कुणाचा, यावर आवाज चढत गेले. कृष्णकांतला कुणी काही विचारत नव्हतं, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते.

रामूने कॅनला हात घातला. कुमारांनी सोडला नाही. त्या ओढाताणीत कृष्णकांतला धक्का बसला, नोझल टाकीतून निसटलं आणि चाप दाबलेलाच राहिला. पेट्रोल कुमारांच्या पँटवर उडालं, जमिनीवर पसरलं आणि उताराने वाहू लागलं.

कृष्णकांतने यंत्र बंद केलं. मग त्याची नजर त्या ओघळाबरोबर पुढे गेली. कुंपणाच्या भिंतीला मोठं भगदाड होतं आणि भिंतीपलीकडे भामाबाईची चहाची टपरी. तिचा रॉकेलचा स्टोव्ह फरफरत पेटलेला होता. ओघळ भगदाडाकडेच निघाला होता.

त्याने वाळूच्या बादलीला हात घातला, तर पावसाने वाळू दगडासारखी घट्ट झालेली. बादली तिथेच टाकून तो भगदाडातून पलीकडे घुसला.

"मावशी, मागं हो!"

भामाबाईला कळायच्या आत त्याने पातेलं लाथाडलं आणि स्टोव्हची चावी फिरवून हवा सोडली. तापलेल्या पितळेला बोटं चिकटल्यासारखी झाली, तरी त्याने चावी सोडली नाही. ज्योत खाली बसली, निळी झाली, विझली. पेट्रोल दोन हातांवर येऊन थांबलं होतं.

"कुनी गाडी चालू करू नका," तो म्हणाला.

एकाने तोंडातली न पेटवलेली विडी काढून खिशात घातली. मग गाड्या हातांनी ढकलून मागे न्यायला सुरुवात झाली. फियाटला एका बाजूने कुमारांनी खांदा लावला, दुसऱ्या बाजूने रामूने. वसुंधरा रस्त्याच्या कडेला रडत उभी होती.

कृष्णकांत भामाबाईच्या बाकड्यावर बसला. तिने त्याचा हात पाण्यात धरून ठेवला. आता कुठे त्याला हुडहुडी भरली, दात वाजू लागले.

गावात रामूने सगळ्यांना सांगितलं, किशाला भीती म्हणून माहीत नाय. दोन दिवस कृष्णकांत कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी फडकं बांधलेल्या हाताने डबा घेऊन निघाला. रंजिताने विचारलं, आता भीती गेली का?

"नाय गं," तो म्हणाला, "वाढलीच हाय." आणि बस चुकू नये म्हणून भरभर पाय उचलत निघाला.