रिकामं जातं

चहाचा ट्रे घेऊन मी तालमीच्या हॉलमध्ये गेले. सर मुंबईच्या पाहुण्यांशी बोलत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हा माझा कच्चा माल."

पाहुणे हसले. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

सर संगीतिका रचतात. तिच्यात माणसं बोलत नाहीत. भांडण असो की मरण, सगळं गाऊन सांगतात. गंगापूर रोडच्या त्यांच्या घरी मी बारा वर्षं स्वयंपाक केला. पहिली संगीतिका 'पूररेषा', दुसरी 'बहिरी राणी'. दोन्ही मी भिंतीआडून ऐकल्या. एकच ओळ ते दिवसभर पेटीवर वाजवायचे. राणी मरते ते गाणं मला खरंच आवडायचं. पोळी करपायची तव्यावर.

तिसरी 'जातं'. तिच्यातलं मोठं गाणं माझ्या आईचं. आई विंचूरजवळच्या वस्तीवर राहायची. माझी धाकटी बहीण तापानं गेली, तेव्हा आईनं ते दळता दळता रचलं. शब्द तिचे. चालही तिचीच. एकदा तांदूळ निवडताना मी ते गुणगुणत होते. मान वर केली तर सर दारात मोबाईल धरून उभे. "मावशी, परत म्हणा." मी म्हटलं. आजवर मला कुणी परत म्हण म्हटलं नव्हतं.

तर त्या दिवशी हॉलमध्ये गाणारी बाई जातं फिरवत होती. रिकामं. आमच्यात रिकामं जातं फिरवत नाहीत. घराला लागतं. कप गोळा करता करता मी हळूच म्हणाले, "सर, मूठभर दाणे तरी टाका त्याच्यात."

"मावशी, हे स्टेज आहे. आपल्याला पीठ नाही पाडायचं."

पुन्हा हसले सगळे. या वेळी मी हसले नाही.

कोपऱ्यात छापील पुस्तिकांचा गठ्ठा होता. मी चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचते. सरांच्या तिन्ही संगीतिका, प्रयोग कुठे झाले, सत्कार कुठे झाले. 'जातं'च्या खाली, संगीत सरांचं, शब्द पारंपरिक. आभारात मांडववाल्याचंही नाव होतं. मी शेवटच्या पानापासून पुन्हा वाचत आले. आई कुठेच नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी थिएटरात शेवटची तालीम. गाणारी बाई तिसऱ्या ओळीला तुटायची. दम पुरेना. चार वेळा तुटली. मला कारण माहीत होतं. तिसऱ्या ओळीत आई हात उचलून जात्यात दाण्यांचा घास टाकायची. जातं जरा सुस्तावायचं, तिथेच ती श्वास घ्यायची. जातं रिकामं, मग घास कुठला आणि श्वास कुठला.

मी विंगेत चहा घेऊन उभी होते, तिथे सर आले. "मावशी, तुम्ही पडद्यामागून म्हणा. ती नुसते ओठ हलवेल. चला, पटकन."

मी ट्रे हातात धरूनच म्हणाले,

"आधी आईचं नाव लिवा. कोंडाबाई."

"कुठे लिहू?"

"पुस्तकात. तुमच्या नावाशेजारी."

"अहो, छापून झालंय ते. आणि लोकगीत कुणा एका बाईचं नसतं. ते सगळ्यांचं असतं."

"सगळ्यांचं हाय, तर तुम्हीच म्हणा."

कुणी हसलं नाही. "डोक्यावर बसवलं की असं होतं," सर गाणाऱ्या बाईला म्हणाले. मी ट्रे खुर्चीवर ठेवला. त्यांच्या घराची किल्ली ट्रेमध्ये ठेवली. बाहेर आले.

प्रयोग झाला. तिसरी ओळ गाळून टाकली, असं त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. माझ्या बहिणीचं नाव त्याच ओळीत होतं.

आता सर निरोप धाडतात. पुढचा प्रयोग पुण्याला आहे, ती ओळ कशी म्हणायची ते येऊन एकदा दाखवून जा. मी गेले नाही. जाणार नाही. गाणं मी या वहीत लिहून ठेवलंय, वर आईचं नाव घालून. श्वास कुठे घ्यायचा ते मात्र लिहिलेलं नाही. ते माझ्या गळ्यात आहे.

सर, आधी नाव छापून आणा. तोवर फिरू द्या तुमचं जातं रिकामंच.