भोपाळला गेलेला हात

आमचे हे लश्कर शहरात पाण्याच्या खात्यात विहिरी मोजायचे. नाव मधुसूदन, उंची माझ्या कानापर्यंत, अन् हट्ट मात्र किल्ल्याएवढा. दर सोमवारी दोरी घेऊन दाना ओलीपासून गोरखीपर्यंत एकूण एक विहिरीचं पाणी किती खोल गेलं ते वहीत लिहायचे. बारा हातांच्या खाली गेलं की दुपारी रहाटाला कुलूप! "झरा भरू दे, सकाळी सगळ्यांना मिळेल." मिळायचंही. पण तोवर गल्लीतल्या बायका शिव्या कोणाला द्यायच्या? मला!

छप्पन साली मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. फाल्गुनात नवे साहेब आले, सहा फुटी. त्यांनी गोरखीची एक विहीर स्वतःच्या हाताने मोजली, तर बारा हात. यांच्या वहीत चौदा! चौकशीत कळलं की दोरीच्या गाठी हे स्वतःच्या कोपरापासून बोटापर्यंत मापून बांधतात. भिजून दोरी ताणते म्हणून दरवर्षी नवी दोरी, पण सव्वीस वर्षं हात तोच.

"मतलब आपके बिना यह रेकॉर्ड किसी काम का नहीं?" साहेबांनी विचारलं.

"बिलकुल नहीं!" हे छाती फुगवून म्हणाले.

झालं! आठ दिवसांत हुकूम आला. वह्या भोपाळला, अन् वह्यांबरोबर हेही.

लेक वनमाला पहिलटकरीण, वैशाखात बाळंत होणार. तिला टाकून कुठे जाऊ? मी रडले, भांडले. हे आपले ट्रंक भरताहेत! "सरकारी हुकूम आहे, अनसूये."

"अहो, सरकारला तुम्ही हवे की तुमचा हात?" मी ओरडले, अन् माझं मलाच सुचलं. तडक सुतार बोलावला. यांचा हात पाटावर ठेवून तेवढी शिसवी काठी कापून घेतली. त्यातही हे म्हणे, "केसभर कमी वाटते." तिसऱ्यांदा मापलं तेव्हा कुठे समाधान झालं. काठी घेऊन मीच कचेरीत गेले. साहेब आधी हसले, मग विचारात पडले, मग त्यांनी काठीवर लाखेची मोहोर लावली. काठी भोपाळला गेली, हे राहिले. यांना फुटांची टेप मिळाली. मी मांढरे मातेची ओटी भरून आले.

वैशाखात नात झाली. बारशाच्या आदल्या दुपारी घरात तीस पाहुणे, मी हंडा घेऊन विहिरीवर गेले, तर रहाटाला कुलूप अन् शेजारी हे.

"अठरा फूट झालंय. सकाळी ये."

"अहो, उद्या तुमच्या नातीचं बारसं आहे!"

"म्हणूनच."

"हाताबरोबर तुम्हालाही धाडायला हवं होतं भोपाळला!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडून मी परतले.

सकाळी विहीर भरलेली होती. पाहुण्यांच्या आंघोळी झाल्या, स्वयंपाक झाला, गल्लीतली एक घागर रिकामी परतली नाही. पंगतीत यांना दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.