लिफ्टपर्यंत गेलेली रेघ

फूटपट्टी,

हे नाव मीच ठेवलं तुला. घरातल्या सगळ्यांची उंची दाराच्या चौकटीवर आखणारी पोर तू. पुढे आखण्यावरच पोट भरू लागलीस. नवं ॲप लोकांना वापरता येतं का ते समोर बसून बघायचं, कोण कुठे अडलं ते टिपायचं आणि त्याचं चित्र काढून साहेबांपुढे ठेवायचं.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या ॲपसाठी तू बारा जण बसवलेस. त्यात तुझी आई, म्हणजे माझी थोरली बहीणही. डॉक्टरांची वेळ घ्यायची, एवढंच काम. सगळ्यांनी आधी वरच्या बाजूला काढलेल्या डोळ्याच्या चित्रावर बोट मारलं. थोरलीने एकेचाळीस वेळा. ते बटण नव्हतंच! खरं बटण खाली, राखाडीवर राखाडी. डोळे अधू असलेल्यांसाठी! काय म्हणावं या अकलेला?

जिथे बोटं जास्त पडली, तिथे तू लाल रंग गडद भरलास. साहेब खूश.

"बघा, किती आवडलंय हे चित्र लोकांना! आणखी मोठं करा."

"आवडलं नाही, साहेब. वैतागून मारलेली बोटं आहेत ती."

"मग लाल कशाला? हिरवा दे."

माझ्या भूगोलाच्या तासाला असता, तर सूची न वाचता नकाशा वाचतो म्हणून बाकावर उभा केला असता मेल्याला.

दुसऱ्या दिवशी तू कागदाची गुंडाळी घेऊन गेलीस. माणशी एक रेघ, मिनिटाला एक वीत. अकरा रेघा टेबलावर मावल्या. बारावी टेबलावरून उतरली, दाराबाहेर पडली आणि लिफ्टपाशी संपली. तिथेही वेळ मिळालेली नव्हतीच.

साहेब रेघ ओलांडून आले. "ही काढून टाक. सरासरी बिघडते."

"माझी आई आहे ती."

"मग तूच घे की तिची वेळ!" सगळे हसले.

"घेईनच. बाकीच्यांची कोण घेणार?"

एक तारखेपासून दवाखान्याची वेळ देणारी खिडकी बंद होणार होती. पुढे सगळं ॲपवर. तू गुंडाळी माझ्याकडे आणलीस. "मावशी, तिथले मोठे डॉक्टर तुझे विद्यार्थी ना? एकदा त्यांच्यापुढे पसर हे. एक तारखेच्या आत."

"सोमवारी जाते," म्हटलं मी.

सोमवारी आधी दवाखान्यात फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "ॲपवरून वेळ घ्या, आजी." मी संतापून फोन आपटला. संताप करण्यात माझा हात कोण धरणार! पण उठून गेले नाही. एक तारीख उलटली. आता त्या बंद खिडकीखाली म्हातारी माणसं येणाऱ्याजाणाऱ्यापुढे फोन धरून बसतात.

गुंडाळी कपाटावर आहे. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.