मागल्या सालचे तांदूळ

चंद्रपूरहून सकाळची एसटी धरली तेव्हा अब्बांचं शेवटचं सांगणं डोक्यात होतं. "आरमोरीकडच्या बुधाभाऊंना मी गेल्याचं कळव. नुसता निरोप देऊन परतू नकोस, त्यांच्या घरी जेवून ये." अब्बा तरुणपणी सायकलवर कापड विकत त्या भागात फिरायचे आणि मुक्कामाला बुधाभाऊंकडे असायचे. मी त्या घरी कधीच गेलो नव्हतो.

मूल मागे पडलं, गडचिरोली आली आणि तिथून पुढे एसटी बंद पडली. तासभर सागाच्या सावलीत उभा राहिलो. आरमोरीनंतर जीपने फाट्यापर्यंत गेलो, तर चपलेचा अंगठा तुटला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. दोन्हीकडे कापणीला आलेलं हलकं (लवकर पिकणारं) धान होतं. मी एक पाय ओढत गावात शिरलो.

बुधाभाऊंच्या घरी नेमका नव्याचा दिवस होता. नवं धान आधी पेनाला (गोंडांच्या देवाला) दाखवतात, मगच घरातलं कुणी तोंडाला लावतं. अंगणात पानांवर भात मांडलेला होता. अब्बा गेल्याचं सांगितलं तसा म्हाताऱ्या बुधाभाऊंनी माझा हात धरला. बराच वेळ तो सोडला नाही.

"तुहा बाप इथीच नमाज पढे," ते अंगणातल्या मोहाच्या झाडाकडे दाखवत म्हणाले. "मने, अल्ला एकच हाय बुधा, त्याच्या जोडीले कोनी नाई. चाल बाबू, हात धू. जेवाले बस."

ते आतून ताट घेऊन आले. भात, वरण आणि वास्त्यांची (बांबूच्या कोंबांची) भाजी. पानांवरचा भात माझ्या डोळ्यांसमोरच होता. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, मी सुरू झालो. अल्लाशिवाय दुसऱ्याला दाखवलेलं आम्हाला चालत नाही, त्याच्या बरोबरीला कुणाला बसवणं हेच आमच्यात सगळ्यांत मोठं पाप. मी नम्रपणे बोललो, पण खूप बोललो. मला शिकवायची सवय आहे.

"बरं बाबू," एवढंच म्हणून त्यांनी ताट उचललं. मग दोन पेरू आणून माझ्या हातात दिले.

फाट्यापर्यंत सोडायला त्यांची सून आली. जीप दिसल्यावर म्हणाली, "भाऊ, तुमचा भात मागल्या सालच्या तांदळाचा होता. बाबांनं वेगळ्या चुलीवर सोता शिजवला. पेनापुढे ठेवलाच नाई. तुमचे अब्बा येत, तवाबी असंच करत."

"मग ते बोलले काऊन नाई?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"तुमी बोलून राह्यले होते ना."

परत फिरायला हवं होतं. पण ती शेवटची जीप होती, आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्यासमोर जायला तोंड नव्हतं. मी चढलो. रस्ताभर स्वतःचा राग आला. अल्ला एक आहे हे मी बोललो त्यात खोट नव्हती. पण ज्या माणसाने माझ्या बापाचं ईमान इतकी वर्षं आपल्या चुलीवर जपलं, त्याला मी ते समजावत बसलो होतो. ताटात काय आहे, एवढं विचारलं असतं तर भागलं असतं.

घरी अम्मीला सगळं सांगितलं.

"तुझ्या अब्बांना त्या घरी कधी विचारावंही लागलं नाही," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी ताट वाढायला आत गेली.