वडनेर ते मेहकर, जाळी काढलेल्या फटफटीवर

मेहकरच्या अलीकडच्या एका गावी मुलगी पाहायला जायचे ठरले, तेव्हा मी एकटाच जाणार होतो. आदल्या दिवशी जेवताना आमचे जवाईबापू म्हणाले, "एकटा काऊन जातं बे दिनकर? घरी फटफटी हाय. मी येतो संगं."

जवाईबापू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलाताईचे यजमान नामदेवराव. ताईला घेऊन चार दिवस आमच्याकडे वडनेरला पाहुणे आले होते. जवाई बोलला की आमच्या घरात पुढे कोणी बोलत नाही. ते रुसले तर ताईला सासरी ऐकून घ्यावे लागते.

फटफटी आमचीच. वांगी-मिरची नांदुऱ्याच्या बाजारात नेण्यासाठी बाबांनी एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. तिला दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर आहे. ती मीच पुसतो, पेट्रोलमध्ये ऑइलही मीच मोजून घालतो. त्या दुपारी जवाईबापू हवा भरायला म्हणून तिला नांदुऱ्याला घेऊन गेले. परत आले तेव्हा दिसायच्या कितीतरी आधी ऐकू आले. आमच्या म्हशीने दावे तोडले.

"जाळ्या काढून टाकल्या दोन्ही," ते उतरत म्हणाले. "गाडी गुदमरून राह्यली होती. आता कशी मोकळ्या गळ्यानं बोलते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. सायलेन्सरच्या शेपटीत भोके पाडलेली एक नळी बसवलेली असते. तिला मिस्त्री लोक जाळी म्हणतात. धूर तिच्यातून फिरून बाहेर येतो आणि आवाज बराचसा आतच मरतो. ती काढली की काहीच मरत नाही.

मी बाबांकडे पाहिले. बाबांनी आढ्याकडे पाहिले. "जवायानं केलं," ते म्हणाले, "म्हणजे इचार करूनच केलं असन."

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याला कारण होते. मला याआधी दोन ठिकाणी नकार आला होता. आणि मध्यस्थाने या स्थळाबद्दल बजावून ठेवले होते, की मुलीच्या बापाने नुकताच एक मुलगा परत पाठवला, कारण तो फार मोठ्याने बोलायचा. त्यांना शांत मुलगा पाहिजे. "तू तं तसाही बोलत नाही," मध्यस्थ म्हणाला होता, "तुलेच भेटन ते पोरगी." अंगणात फेकलेल्या दोन्ही जाळ्या मी उचलल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीत कपड्यांच्या खाली ठेवल्या.

सकाळी निघालो. मी चालवत होतो, मागे जवाईबापू, पांढरे स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी. नांदुऱ्यापर्यंतच मला कळले की जाळी नुसती आवाजासाठी नसते. गाडीला उठताना दमच नव्हता. दोन माणसे घेऊन पहिल्या गिअरमध्ये ती कुथायची, आणि जरा वेगात आली की एकदम उधळायची. मध्ये काही नाही. वेग कमी करायला मूठ सोडली की मागे फटाका फुटल्यासारखा आवाज व्हायचा. एरवी मी इंजिनाचा आवाज ऐकून गाडीची तब्येत ओळखतो. आता नुसता गोंगाट ऐकू येत होता.

नांदुऱ्याच्या पुढे सरकी भरलेली एक बैलगाडी समोरून आली. बैलांनी आम्हाला ऐकले आणि ते सरळ तुरीच्या वावरात शिरले. मी थांबलो. गाडीवान म्हातारा उतरला, त्याने बैलांना धरले आणि शांतपणे विचारले, "कोणाची गिरणी घेऊन चालले, बापू?"

"फटफटी हाय," जवाईबापू म्हणाले.

"असं व्हय. मले वाटलं दळण कुठी हाय." बैल रस्त्यावर आणेपर्यंत मी जू धरून उभा राहिलो. जवाईबापू गाडीवरून उतरले नाहीत.

नांदुरा ते खामगाव रस्ता चांगला आहे, डांबरी, फक्त कापसाच्या दिवसांत गाड्यांची रांग असते. खामगावला पोट भरून घ्यावे, पुढे चिखलीपर्यंत नुसता चहा मिळतो. बाजाराजवळ एका हॉटेलात आलुबोंडे गरम निघत होते, वर हिरवी मिरची तळून देतात. जवाईबापू बाकावर बसले आणि पहिल्या बश्या संपायच्या आत दुसऱ्या मागवल्या. मला समोर एका मिस्त्रीचे दुकान दिसले. मी म्हणालो, "जरा हवा पाहून येतो."

मिस्त्रीने वर्तमानपत्र उघडून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. "काढाले लोक येतात माझ्याकडे," तो म्हणाला. "बसवाले कोणी येत नाही. तब्येत ठीक हाय ना तुमची?"

"लवकर बसवा," मी म्हणालो.

उजव्या बाजूची जाळी बसली आणि स्क्रू पिळून झाला, एवढ्यात हॉटेलातून जवाईबापूंची ढेकर ऐकू आली. मी डावी जाळी पिशवीत कोंबली, पैसे दिले आणि गाडी ढकलत बाहेर आणली. मला वाटले होते की आवाज निम्मा होईल. तसे झाले नाही. उजवीकडे दबलेला 'पुक्', डावीकडे मोकळा 'धाड', असे काहीतरी तिसरेच सुरू झाले.

"आवाज बदलला काय बे?" जवाईबापूंनी विचारले.

"हवा भरली ना," मी म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत नाही.

खामगाव सोडून चिखलीच्या रस्त्याला लागले की घाट चढावा लागतो. फार मोठा नाही, पण दोघे असाल आणि सायलेन्सरला जाळी नसेल तर तो मोठा होतो. वेग ठेवला तर वळणे झेपत नाहीत, कमी केला तर गाडी मरते. मूठ पिळून पिळून माझे मनगट दुखले. दगडांवरून आमचाच आवाज परत येत होता, जणू मागून आणखी एक आमच्यासारखीच गाडी येते आहे. वर पोचल्यावर इंजिन थंड करायला थांबलो. जवाईबापू उतरले तेव्हा धोतराच्या डाव्या काठावर काळ्या तेलाचे बारीक बारीक थेंब होते. मोकळी नळी ऑइल थुंकत होती.

त्यांनी काठ हातात धरला. "हे काऊन झालं?"

"घाटात होते," मी म्हणालो.

"घाटच खराब हाय," ते म्हणाले, आणि काठ आत खोचून बसले.

चिखलीला चहा घेतला. तिथून मेहकरकडे रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडे ज्वारी. ज्या गावी जायचे होते त्याचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बायका अजून रागावलेल्या आहेत असे ऐकतो.

मुलीचे वडील सखारामजी यांची त्या गावात पिठाची गिरणी. आमच्याकडे गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्यावर मडके पालथे घालायची रीत आहे. त्या मडक्यातून असा काही ठेक्यात आवाज निघतो की गिरणी सुरू झाली हे घरोघर कळते, सांगायला जावे लागत नाही. सखारामजींच्या इंजिनाचा एक भाग तुटला होता आणि गिरणी चार दिवस बंद होती. घराघरात पीठ संपत आलेले. अशा वेळी मी वेशीतून आत शिरलो, पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून. पुक्-धाड, पुक्-धाड.

पहिल्यांदा एका दारातून डोक्यावर डबा घेतलेली बाई निघाली. मग दोघी निघाल्या. मी गिरणीपुढे थांबलो तेव्हा मागे बायकांची रांग लागलेली होती, टोपल्या, डबे, पायली, सगळे घेऊन.

"झालं बाई सुरू एकदाचं," एक म्हणाली.

एका म्हातारीने मला गाडीवरच गाठले आणि डबा माझ्या हातात दिला. "बारीक दळजो बापा. जवारी हाय."

मी डबा धरला. दुसरे काय करणार? तेवढ्यात गिरणीच्या दारात एक मुलगी आली, पदर खोचलेला, हाताला ग्रीस.

"गिरणी बंद हाय, मावशी. सामान आलं नाही अजून," तिने सगळ्यांना ओरडून सांगितले. "हे इंजिन नोहं. पाव्हण्यायची फटफटी हाय." मग माझ्याकडे वळली. "बंद करा ना ते."

"बंद केली तर लवकर चालू होत नाही," मी म्हणालो.

"पण चालू काऊन करायची?"

मी गाडी बंद केली. तेव्हाच आतून सखारामजी आले. मी ज्वारीचा डबा छातीशी धरून उभा होतो. ती मुलगी कोण हे मला त्या क्षणी कळले, कारण ती एकदम आत पळाली.

बायका डबे घेऊन परत फिरल्या, पण सगळ्याच गेल्या नाहीत. पाहुणे कसले आहेत ते त्यांना कळले होते. काही ओट्यावर बसल्या.

घरात पाणी झाले, पोहे आले. मुलगी, तिचे नाव सुमन, हात धुऊन, साडी बदलून समोर येऊन बसली. जवाईबापूंनी तिला विचारले, पुरणाची पोळी येते का, शिवण येते का. ती हो म्हणाली. मग सखारामजींनी मला एकच गोष्ट विचारली.

"तुमची गाडी डाव्या अंगानं बोलते, उजव्या अंगानं नाही बोलत. असं काऊन?"

"तसं काई नाही," जवाईबापूंनी मध्येच सांगितले. "दोन्ही जाळ्या म्या सोता उभं राहून काढून घेतल्या."

"उजवी हाय," सखारामजी म्हणाले. "आत्ता काडी घालून पाह्यलं म्या."

जवाईबापूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. सखारामजीही पाहत होते. दारातून ओट्यावरच्या बायका पाहत होत्या. खोटे बोललो असतो तर एका घरात खोटा ठरलो असतो, खरे बोललो तर दुसऱ्या घरात ताईचे हाल.

"मी बसवली," मी म्हणालो. "खामगावात. तुम्ही आलुबोंडे खाऊन राह्यले होते तवा. मले वाटलं, एवढ्या आवाजानं इथं आलो तं हे लोक नाही म्हणतीन."

जवाईबापू उठले. टोपी घातली. "मले इचारलं नाही," ते म्हणाले. "ठीक हाय. मी चाललो."

कुठे, ते सांगितले नाही. पण रुसलेल्या जवायाला कुठे जायचे ते ठरवावे लागत नाही, थांबवणारे असतातच. सखारामजी चपळाईने दाराशी गेले.

"पाव्हणे, तुमचं म्हणणं बरोबर हाय," ते म्हणाले. "जवायानं हात घातलेलं काम अर्धं राह्यलं, हे शोभत नाही. एक अंग असं, एक अंग तसं. आपण दोन्ही अंगं सारखी करू. इथंच करू. तुम्ही बसा, शिरा खा."

जवाईबापू थांबले. "सारखीच पायजे," ते म्हणाले.

"सारखीच."

सखारामजी मला गाडीसकट गिरणीत घेऊन गेले आणि दुसरी जाळी आहे का, असे न विचारता नुसता हात पुढे केला. मी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून दिली. सुमन मागोमाग आली होती, पाना आणि दिवा घेऊन. तिने पाना वडिलांना दिला आणि मला हळूच विचारले, "दोन्ही बसवून काऊन नाही आले?"

"भेव वाटलं."

"कोणाचं?"

"सगळ्यायचं," मी म्हणालो.

ती हसली नाही. दिवा नीट धरला फक्त.

दुसरी जाळी बसली आणि मी गाडी चालू केली. कानाला इतके मऊ लागले की मला तीच आमची गाडी वाटेना. ओट्यावरची एक बाई म्हणाली, "पाह्य, हे बी बंद पडलं."

जवाईबापू शिऱ्याची वाटी घेऊन बाहेर आले. "आवाज कुठी गेला?"

"सारखा झाला ना," सखारामजी म्हणाले. "दोन्ही अंगानं सारखा." आणि लगेच त्यांच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला, नवी टोपी दिली. जवाईबापूंनी डावीकडे कान लावला, उजवीकडे लावला.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "सारखा तं झाला."

रात्री मेहकरला बालाजीच्या देवळाजवळ धर्मशाळेत राहिलो. देऊळ जरूर पाहा, मूर्ती उंच आणि काळीभोर आहे. पहाटे पाहिली तर गर्दी नसते. आम्हाला होय-नाही काहीच सांगितलेले नव्हते. कळवतो म्हणाले होते. मी देवाला काय मागितले ते लिहीत नाही.

परतीच्या वाटेवर गाडी चढावर न कुथता चढली. बैलांनी आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. खामगावला जवाईबापू एकच वाक्य बोलले, "आलुबोंडे कालच्यासारखे नाहीत."

घरी पोचलो तर अंगणात कोणी नाही. जवाई बाहेरून आला की दारात पाण्याचा लोटा घेऊन कोणीतरी उभे असते. पण आम्ही आलो हे कोणाला ऐकूच गेले नव्हते. जवाईबापूंना स्वतःच्या तोंडाने "आम्ही आलो" असे ओरडावे लागले. दुसऱ्या दिवशी ते फटफटी घेऊन नांदुऱ्याला गेले. मी जीव मुठीत धरून बसलो. परत आले तेव्हा हँडलला ट्रकचा पितळी भोंगा होता, रबरी फुग्याचा. जाळ्यांना हात लावला नव्हता. मी तेवढ्यावर समाधान मानले.

या वाटेने जाणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की जाळी काढल्याने गाडी जोरात चालत नाही, जोरात चालल्यासारखी वाटते. घाटात फरक कळतो.

निरोप बाजाराच्या दिवशी आला. मध्यस्थ ओसरीवर बसला. "सखारामजी म्हणतात, पोरगं शांत हाय का नाही ते त्यायले काई समजलं नाही," तो म्हणाला. "पण पोरगी म्हणते, ते सगळ्यायले भेते, आन तरी खरं सांगते. असा चालन म्हणते."

बाबांनी आईला हाक मारली. ताईने डोळे पुसले. जवाईबापू खुर्चीवर पुढे सरकले.

"लोक ट्रकनं येऊ द्या," ते म्हणाले. "नवरदेवाले मी फटफटीवर नेतो, पुढं पुढं. भोंगा वाजवत."

बाबांनी आढ्याकडे पाहायला मान वर केली.

"मी ट्रकमध्ये बसतो," मी म्हणालो.

ताईच्या हातातली चहाची बशी तिरकी झाली. जवाईबापू खुर्चीत मागे टेकले.

"मंग डायव्हरच्या बाजूची जागा," ते म्हणाले, "मले ठेवजो."