चिखलाची पाठवणी

समुद्राच्या तळाशी असलेल्या चिखलावर माझ्या थोरल्या मामांइतकी माया करणारा माणूस दुसरा झाला नसेल. ते कारैकाल बंदरात, माल पाठवणाऱ्या एका कचेरीत नोकरीला होते. संशोधनाचं जहाज धक्क्याला लागलं की त्यावरची यंत्रं, बाटल्यांतलं पाणी आणि लांब नळ्यांत भरलेला तळाचा गाळ प्रयोगशाळांपर्यंत सुखरूप पोचवायचा, हे त्यांचं काम. पेटी दिसली की "आत काय आहे" असं ते कधी विचारत नसत. "आत कोण आहे" असं विचारत. तंजावरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतही तीच तऱ्हा. मी पुण्याला निघालो तेव्हा मामीच्या लोणच्याच्या बरणीवर त्यांनी चारी बाजूंनी 'ही बाजू वर' असे बाण काढले आणि माझ्या रेल्वेच्या डब्यात ऊन कुठल्या खिडकीनं येतं, याची चौकशी केली.

एकदा बंगळूरला निघालेला त्यांचा थंड ट्रक तंजावरपाशीच बंद पडला. आत एका संशोधक मुलीच्या गाळाच्या नळ्या होत्या. तिचा फोन आला, आवाज रडवेला. नळ्या तापल्या तर तिची चार वर्षं पाण्यात. जन्मात मासळीबाजाराची पायरी न चढलेले मामा तडक तिथल्या बर्फाच्या खोलीपाशी जाऊन उभे राहिले.

"कुठला मासा?" मालकीणबाईंनी तमिळमध्ये विचारलं.

"मासा नव्हे, अम्मा. माती आहे."

"मातीला गारवा कशाला?"

"फार जुनी आहे. सवय आहे तिला गारव्याची."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि सुरमईच्या टोपल्या बाजूला सारल्या. दुसरा ट्रक येईपर्यंत मामा तंजावरच्या उन्हाळ्यात स्वेटर घालून आत-बाहेर करत होते, दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघत. घरी आल्यावर मासळीच्या वासामुळं मामीनं त्यांना आधी न्हाणीघरात पाठवलं, आंघोळ झाल्यावरच आत येऊ दिलं.

नळ्या नीट पोचल्या. मुलीनं मामांना बंगळूरला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर एक नळी उभी चिरली. मामा बराच वेळ वाकून बघत राहिले, असं ती पुढं मला म्हणाली.

"काय दिसलं, मामा?" ते परतल्यावर मी विचारलं.

"चिखल," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "राखी, हिरवा, मध्येच शंखांची एक बारीक रेघ. सुरेख होता रे."

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी पेट्या पाठवल्या. उघडलेली पाहिली ती एवढीच.